देणगीपेक्षा देणगीदार मोठा

जून उजाडला, शाळेची घंटा वाजू लागली की बहुतेक संस्थांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे निधी. कुठे छप्पर गळत असते, कुठे प्रयोगशाळेतील साहित्य जुने झालेले असते, कुठे मुलींसाठी आणखी एक स्वच्छतागृह बांधायचे असते. मग वहीच्या पानावर गावातील ‘बऱ्यापैकी’ मंडळींची नावे लिहिली जातात. चारजण मिळून त्यांच्या घरी जातात, चहा होतो, पावती फाडली जाते, स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतो. त्यानंतर पुढचे छप्पर गळेपर्यंत त्या घराची पायरी सहसा कोणी चढत नाही. अशा वागण्याला आपल्याकडे फार जुनी म्हण आहे : गरज सरो, वैद्य मरो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शाळेने देणगी मागत फिरण्यापेक्षा देणगीदार जोडावेत. देणगी एकदा खर्च झाली की संपते. माणूस जोडला तर तो पुन्हा देतो, दुसऱ्याला घेऊन येतो, आणि पैसे नसतील तेव्हा सल्ला व वेळ देतो. हे ऐकायला सोपे वाटते. करायला मात्र चिकाटी लागते आणि थोडा स्वभावही बदलावा लागतो.

सीमाभागातील मराठी शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ भिंतीला रंग देण्याचा नाही. अनुदान असेल तेथे त्याचा मोठा भाग पगाराकडे जातो. बाक, पुस्तके, संगणक, खेळाचे साहित्य यांची तजवीज संस्थेलाच करावी लागते. शेजारी इंग्रजी माध्यमाची नवी इमारत दिसत असताना पालक आपल्या मुलाचे नाव कुठे घालायचे, याचा विचार करतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या शाळेचे गळके छप्पर असेल, तर मातृभाषेतील शिक्षणावर कितीही भाषणे केली तरी ती त्याला पटणार नाहीत. पटसंख्या घटली की तुकडी धोक्यात येते, तुकडी गेली की शिक्षक जातात. म्हणून निधीचा प्रश्न हा शेवटी शाळा टिकण्याचा प्रश्न आहे.

पिरनवाडीहून बेळगावला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाटेवरच्या पाट्या एकदा लक्षपूर्वक वाचाव्यात. उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, ते १९७९ साली सुरू झाले. पुढे टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आणि गोविंदराम सेक्सरिया सायन्स कॉलेज लागते. शहरात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे, १९३३ साली सुरू झालेले लिंगराज कॉलेज आहे. आपण आर.पी.डी., जी.एस.एस., जी.आय.टी. अशी आद्याक्षरे सहज उच्चारतो आणि त्यामागे माणसांची नावे आहेत हे विसरून जातो. मराठी असो वा कन्नड, बेळगावचे उच्चशिक्षण मोठ्या प्रमाणात लोकांच्या दातृत्वावर उभे राहिले आहे. मात्र या पाट्या वाचताना एक गैरसमज होण्याचा संभव असतो. आपणास वाटते की, आधी मोठा दाता भेटला आणि मग संस्था उभी राहिली. पुष्कळ ठिकाणी क्रम नेमका उलटा होता. केएलई संस्थेचेच पाहा. १९१६ साली ती सुरू करणारे सात शिक्षक होते. त्यांच्याजवळ धन नव्हते, शब्द होता. त्या शब्दावर विश्वास बसल्यावर धनवंत पुढे आले.

हा क्रम आणखी स्पष्ट दिसतो तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यात. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याला नेला. स्वतः कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि कॉलेजचे काम आटोपल्यावर पायी हिंगण्याला जात. त्या काळात विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागणे म्हणजे दारातून बोलणी खाऊन परत येणे होते. कर्वे बोलणी ऐकून घेत, वाद घालत नसत, आणि मिळालेल्या लहानमोठ्या प्रत्येक रकमेचा हिशेब चोख ठेवत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. आज आपण त्याला एस.एन.डी.टी. म्हणतो.

आता हिशेब करून पाहा. १८९६ ते १९२०, म्हणजे चोवीस वर्षे. पंधरा लाखांची देणगी एका भेटीत मिळालेली नाही. तिच्यामागे चोवीस वर्षांचे काम होते, चोवीस वर्षांच्या पावत्या होत्या. ठाकरसींनी पैसे दिले ते त्या कामाकडे पाहून. पुढेही कर्वे थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते संस्थेच्या कामासाठी युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत हिंडले. एवढा मोठा दाता मिळाल्यावरही त्यांनी लहान दात्यांचे दार ठोठावणे सोडले नाही, ही गोष्ट आमच्या मते पंधरा लाखांहून अधिक शिकण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचा. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकांतून व भाषणांतून ऐकतो. पण संस्था टिकली ती केवळ या त्यागावर नव्हे. भाऊरावांनी ‘मुष्टिफंड’ काढला. घरातील बाईने रोज दळणाच्या वा स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य शाळेसाठी बाजूला ठेवायचे आणि ते गोळा करून वसतिगृहात आणायचे, अशी ती योजना होती.

मूठभर ज्वारीची किंमत ती काय? पण जी माऊली रोज ती मूठ बाजूला काढते, तिच्या मनात रोज एकदा शाळा येते. ‘आपली पोरं तिथं जेवतात’ ही भावना तिच्यात रुजते. उद्या शाळेवर संकट आले तर ती आणि तिचे घर शाळेच्या बाजूने उभे राहते. तसेच घडलेही. १९४८ साली मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले. एखादी संस्था अशा वेळी कुलूप लावून मोकळी झाली असती. परंतु खेड्यापाड्यांतील लोक संस्थेच्या पाठीशी होते, गाडगे महाराजांसारख्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला, आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. सरकारी मदत थांबते तेव्हा संस्थेने आधी किती माणसे जोडली आहेत हे कळते. सीमाभागातील शाळेला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळाच्या थोडे आधी महाराष्ट्रात पैसा फंडाची चळवळ झाली होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याचे ठरवले. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. आजच्या हिशेबाने हास्यास्पद वाटावी अशा रकमेतून कारखाना उभा राहिला, कारण त्या एका पैशाने देणारा स्वतःला मालक समजू लागला.

आपल्या शाळेपुरता विचार करू. एखाद्या गावाच्या शाळेतून आजवर शेकड्यांनी विद्यार्थी शिकून गेलेले असतात. कोणी उद्यमबागेतील फौंड्रीत आहे, कोणी गोव्यात, कोणी पुण्या-मुंबईत, कोणी सैन्यात, कोणी आखाती देशांत. त्यांतील फक्त दोनशे जणांनी महिन्याला शंभर रुपये द्यायचे ठरवले, तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. एवढी रक्कम दरवर्षी येणार याची खात्री असली, तर विश्वस्त मंडळाला पुढच्या तीन वर्षांचा विचार करता येतो. एकाच धनिकाने एकदा पाच लाख दिले तर आनंदच आहे, पण तो धनिक उद्या गाव सोडून गेला, त्याचा धंदा बसला किंवा त्याच्या मनात अढी आली, तर शाळा पुन्हा उघड्यावर. दोनशेपैकी दहाजण गळाले तरी एकशे नव्वद राहतात.

यावर काही मंडळी म्हणतील, ‘शंभर शंभर रुपये गोळा करत कोण बसणार? त्यापेक्षा एका आमदाराला गाठले की काम फत्ते.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मोठे बांधकाम शंभराच्या नोटांनी लवकर होत नाही, आणि लोकप्रतिनिधींचा निधी हा जनतेचाच पैसा आहे, तो मागण्यात कमीपणा नाही. परंतु निवडणुकीच्या तोंडावर आलेली मदत अनेकदा पाटीसह येते, आणि पुढच्या निवडणुकीत ती पाटी शाळेला एका गटात ढकलते. शाळा साऱ्या गावाची राहिली पाहिजे. ज्याने दिले त्याचे आभार मानावेत, पण शाळेच्या किल्ल्या कोणाच्या हाती देऊ नयेत. भाऊरावांबद्दल एक आठवण नेहमी सांगितली जाते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलले तर मोठी रक्कम देऊ, असे कोणी सुचवले, तेव्हा ‘एकवेळ बापाचे नाव बदलीन, कॉलेजचे नाही’ अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दुसरीकडे विठ्ठलदासांच्या आईचे नाव कर्व्यांनी आनंदाने स्वीकारले. दोघांनी आपापल्या जागी योग्यच केले. कशाला होय म्हणायचे आणि कशाला नाही, हे संस्थेने देणगी येण्यापूर्वीच लिहून ठेवले की मग प्रसंगी संकोच होत नाही आणि दात्याचा अपमानही होत नाही.

आता नाते जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या मते दात्याला तीन गोष्टी हव्या असतात.

पहिली, दिलेला पैसा पोहोचला आणि सांगितलेल्या कामालाच लागला, याची खात्री. आपल्या गल्लीतील गणपती मंडळसुद्धा पाच-पन्नासच्या वर्गणीची पावती देते, आणि चांगली मंडळे उत्सवानंतर जमाखर्च फळ्यावर लावतात. शाळेने याहून कमी करून कसे चालेल? वर्षातून एकदा एका पानाचा जमाखर्च, कोणालाही समजेल अशा भाषेत, प्रत्येक देणगीदाराकडे गेला पाहिजे. ‘इतर खर्च’ या ओळीत फार मोठी रक्कम असेल तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येणारच.

दुसरी गोष्ट बातमी. पैसे नको असतानाही पत्र गेले पाहिजे. एस.एस.एल.सी.चा निकाल लागला, मुलींनी खो-खोत बाजी मारली, शिक्षक निवृत्त झाले, झाडे लावली, हे सारे माजी विद्यार्थ्याला कळावे. वाईट बातमीही कळावी. संगणक घेतले पण वीज टिकत नाही, वाचनालयासाठी पैसे आले पण ग्रंथपाल मिळाला नाही, असे प्रांजळपणे लिहिले तर देणारा रागावत नाही. उलट तो विचारतो, ‘मग मी काय करू?’ वर्षानुवर्षे फक्त यशाच्याच बातम्या येत राहिल्या की माणसाला वाटते, यांना माझी गरज नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे विचारपूस. दात्याच्या घरी लग्न आहे, आजारपण आहे, कोणी गेले आहे, अशा वेळी शाळेतून कोणी गेले, तर ते नाते पावतीपुस्तकाच्या बाहेरचे होते. आपल्या गावांत पारायण सोहळा होतो तेव्हा शिधा देणारा आणि पंगतीत बसणारा वेगळा नसतो. दोन पोती तांदूळ देणारा शेतकरी आणि काही न देऊ शकणारा शेजारी एकाच पंगतीला बसतात. म्हणूनच सप्ताहासाठी निधी कमी पडला असे सहसा ऐकू येत नाही. दात्याला वर्षातून एकदा शाळेत बोलवावे, पण व्यासपीठावरच्या खुर्चीपेक्षा वर्गातल्या बाकावर बसवावे. मुलांनी त्याला कविता म्हणून दाखवावी, त्याने त्यांना आपल्या कामाची गोष्ट सांगावी. शालीपेक्षा ते त्याच्या अधिक लक्षात राहील.

याला जोडून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मदत देताना गरीब मुलाला पुढे उभे करून, त्याच्या हातात दोन वह्या देऊन फोटो काढण्याची प्रथा फार बोकाळली आहे. ते मूल उद्या मोठे होणार आहे. तो फोटो पाहून त्याला अभिमान वाटेल की मान खाली जाईल? कर्मवीरांच्या वसतिगृहात मुले श्रम करून शिकत, ‘कमवा व शिका’ हे तेथले सूत्र होते. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहील, अशी व्यवस्था करणे हेही देणगीच्या व्यवहारातले कर्तव्य आहे. फोटो काढायचाच असेल तर नव्या वाचनालयात वाचत बसलेल्या साऱ्या वर्गाचा काढावा.

कायद्याच्या बाजूही विश्वस्तांनी नीट पाहाव्यात. आयकरात सवलत मिळण्यासाठी संस्थेला तशी मान्यता असावी लागते, आणि रोख दिलेली देणगी दोन हजार रुपयांहून अधिक असेल तर तिच्यावर सवलत मिळत नाही. म्हणून धनादेश वा बँकेमार्फतच व्यवहार करावा. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून मान्यताप्राप्त संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर खात्याला देऊन दात्याला प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले आहे. शिवाय नव्या करप्रणालीत या देणगीवर सवलत मिळत नाही, आणि अनेक नोकरदारांनी तीच प्रणाली निवडली आहे. म्हणजे ‘कर वाचेल’ हे आमिष आता पूर्वीइतके उपयोगाचे नाही. परदेशी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांबाबतही भेद लक्षात ठेवावा. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे पैसे परकीय ठरतात. त्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडे नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. कंपन्यांच्या सामाजिक निधीचा २०१३ चा कायदा मोठ्या उलाढालीच्या वा नफ्याच्या कंपन्यांना लागू आहे. उद्यमबागेतील अनेक लहान कारखाने त्या मर्यादेत येत नाहीत. पण कायद्याने बांधलेला नसला तरी मालक किंवा तेथला फोरमन आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी असू शकतो. त्याला कायदा नको, आमंत्रण हवे.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही याच वर्षी सुरू करावी. नाव, वर्ष, सध्याचे गाव, शेवटचे पत्र केव्हा गेले, एवढे चार रकाने पुरेत. ते काम एका व्यक्तीकडे सोपवावे, आणि जमाखर्चाचे एक पान दरवर्षी या वार्तापत्रातच छापावे. हिशेब छापल्याने टीका होईल अशी भीती काहींना वाटते. होऊ दे टीका. ज्याला शाळेची काळजी आहे तोच हिशेब वाचतो.

पालकांनी ‘आम्ही काय देणार’ असे म्हणू नये. सुगीनंतर पसाभर तांदूळ शाळेच्या दुपारच्या पंगतीला, सुटीच्या दिवशी सुताराने बाक दुरुस्त करण्याचे, वायरमनने पंखे तपासण्याचे काम, ही देणगीच आहे. तिचीही नोंद झाली पाहिजे आणि तिचेही आभार त्याच कागदावर, त्याच आदराने मानले गेले पाहिजेत.

आणि विद्यार्थी मित्रहो, आभाराचे पत्र तुम्ही लिहा. शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेले उतरवून काढू नका. नव्या वाचनालयातील कोणते पुस्तक वाचले, त्यात काय आवडले, काय कंटाळवाणे वाटले, ते तुमच्या शब्दांत, तुमच्या अक्षरात लिहा. चूक झाली तर खोडा आणि पुढे लिहा. दूर कुठेतरी कामावरून दमून आलेला तुमच्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी ते पत्र दोनदा वाचेल आणि खणात जपून ठेवेल. पुढच्या जूनमध्ये शाळेला त्याच्याकडे जावे लागणार नाही, कारण छप्पर गळते की नाही हे तो आधीच फोन करून विचारील.